पेला, ठोसा आणि पाचाचा आकडा

मुष्टियुद्धाची बातमी मराठीत लिहिणाऱ्याची एक जुनी पंचाईत आहे. रिंगणातला खेळाडू मारतो तो पंच आणि ते मोजून गुण देतात तेही पंच. मग पहिल्याचा ‘ठोसा’ करून वेळ मारून नेली जाते. रोजच्या बोलण्यात मात्र एवढा विचार कोणी करत नाही. नोकरदार सकाळी कार्ड पंच करतात, कारकून कागदांना भोकं पाडायला पंच शोधतो, विनोदी कार्यक्रम बघून आलेला माणूस ‘पंच काय मस्त बसलेत’ म्हणतो आणि लग्नाच्या स्वागत समारंभात लाल-केशरी फ्रूट पंचचे पेले फिरत असतात. निवाडा करणारे पंच आपले. बाकी सगळे इंग्रजीतून आलेले.

हे सगळे एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ आहेत का? कोशकारांचं आजचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एकाच स्पेलिंगच्या अनेक स्वतंत्र नोंदी आहेत. म्हणजे दिसायला आणि ऐकायला सारखे, पण वेगवेगळ्या घरांतून आलेले शब्द. ठोशाच्या आणि ‘पंच’ नावाच्या इंग्रजी बाहुल्याच्या घराचा पत्ता बऱ्यापैकी लागला आहे. पेयाचं घर मात्र अजून वादात आहे, आणि तो वाद आपल्या ‘पाच’पाशी येऊन थांबतो.

टोचणं आधी, ठोसा नंतर

लॅटिनमध्ये ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराचं नाव आलं आणि ते इंग्रजीत ‘पंचन’ झालं. त्याच कुळातलं ‘पंच’ हे क्रियापद चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत दिसू लागतं, ते ढोसणं किंवा टोचणं या अर्थाने. मुठीने मारण्याचा अर्थ सोळाव्या शतकातला, म्हणजे बराच उशिराचा. अमेरिकेतल्या गुराख्यांना ‘काउपंचर’ म्हणतात तेव्हा जुना अर्थच बोलत असतो: हे लोक गुरांना ठोसे मारत नव्हते, काठीने ढोसून पुढे हाकत होते. सायकलचं पंक्चर, नकाशावरचा पॉइंट आणि वेळ पाळणाऱ्याला लावायचं ‘पंक्चुअल’ हे विशेषण याच लॅटिन मुळावर वाढलेले आहेत.

हत्यार म्हणून पंचचा आपल्या वाचण्या-लिहिण्याशी जवळचा संबंध आहे. छापखान्याच्या काळात एकेका अक्षरासाठी पोलादाची एक कांडी घेत. तिच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, कांडी तापवून कडक करायची, मग तांब्याच्या तुकड्यावर ठेवून हातोड्याचा एक घाव. तांब्यात खोलगट अक्षर उमटे, त्या साच्यात वितळलेलं शिसं ओतलं की खिळा तयार. ती पोलादी कांडी म्हणजे पंच. देवनागरीत वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरली की अशा कांड्या शेकड्यांनी कापाव्या लागत. बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली हे काम शिकलेला आणि पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यासाठी अक्षरं कापणारा कारागीर होता पंचानन कर्मकार. पंच कापणाऱ्याचं नाव पंचानन असावं हा निव्वळ योगायोग, पण नोंदवल्याशिवाय राहवत नाही. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरलाच छापलं गेलं. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची सुबक अक्षरं राणोजी रावजी आरू यांनी कापली. त्याहून कितीतरी जुनी, ठसे मारून घडवलेली चांदीची नाणी आपल्याकडे आहेतच. त्यांना इंग्रजी अभ्यासक ‘पंचमार्क्ड’ म्हणतात, मराठीत ‘आहत नाणी’.

कार्ड पंच करण्याची वाटही इथूनच फुटते. हर्मन होलेरिथ या अमेरिकी अभियंत्याने १८९०च्या जनगणनेसाठी माणसांची माहिती भोकांच्या रूपात कार्डांवर नोंदवली आणि यंत्राने मोजली. ही कल्पना रेल्वेच्या कंडक्टरला तिकिटावर प्रवाशाचं वर्णन पंच करताना पाहून सुचली, असं तो सांगत असे. एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात असायची ती, तिकिटाला भोक पाडणारी टिकटिकही याच कुळातली.

विनोदातला पंचही ठोशाकडूनच आला आहे. ‘पंचलाइन’ हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतला अमेरिकी शब्द. त्याचा संबंध पुढे येणाऱ्या बाहुल्याशी जोडणारी एक लोकप्रिय कथा आहे, तिला आधार मात्र नाही.

नेपल्सचा आकडेनाक्या

बाहुला म्हणजे ‘पंच अँड ज्युडी’तला पंच. पाठीला कुबड, नाक आकडीसारखं, हातात सोटा आणि तोंडात चिरका आवाज. त्याचा पूर्वज इटलीतल्या नेपल्सचा ‘पुलचिनेल्ला’, मुखवट्याच्या लोकनाट्यातलं एक लबाड, खादाड पात्र. नावाचं मूळ ‘पुलचिनो’, म्हणजे कोंबडीचं पिल्लू, असं बहुतेक जण मानतात. नाकाची चोच बघितली की पटतंही. कोणा खऱ्या माणसाच्या नावावरून ते आलं असाही एक दावा आहे, पण त्यामागचा पुरावा कच्चा आहे.

इंग्लंडमध्ये तो कधी पोचला हे आश्चर्य वाटेल इतकं नेमकं सांगता येतं. रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सने ९ मे १६६२ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि तो त्याला इतका आवडला की त्याने त्याचं तोंड भरून कौतुक लिहून ठेवलं. तिथल्या सेंट पॉल्स चर्चच्या दर्शनी भागावर या प्रसंगाचा कोरीव उल्लेख आहे आणि दर मे महिन्यात कळसूत्री-हातबाहुलीवाले तिथे जमतात. बाहुल्याचं लांबलचक नाव इंग्रजी तोंडात ‘पंचिनेल्लो’ आणि मग नुसतं ‘पंच’ झालं.

सात वर्षांनी, १६६९च्या एप्रिलमध्ये, पीप्सची आणखी एक नोंद सापडते. गल्लीतले गरीब लोक आपल्या गुटगुटीत पोराला ‘पंच’ म्हणत होते, आणि बुटकं-जाड जे काही असेल त्याला आता हाच शब्द लावतात, असं तो लिहितो. इंग्लंडच्या पूर्व भागातली आखूड पायांची, भरदार छातीची, तांबूस रंगाची घोड्याची जात ‘सफक पंच’ या नावाने ओळखली जाते ती याच अर्थाने. त्या जातीतल्या आजच्या सगळ्या घोड्यांची वंशावळ १७६८ साली जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत जाते, पण नावाची वंशावळ तितकी सरळ नाही. पीप्सवर विश्वास ठेवला तर जाडेपणाचा अर्थ बाहुल्याकडून आला. दुसरा पक्ष म्हणतो की ‘पंचन’ हे आखूड लाकडी खांबाचंही नाव होतं आणि एका प्रकारच्या पिंपाचंही. बुटकं-जाड तिथूनच आलं असेल. दोन्ही शक्यता अजून कोशांत शेजारी-शेजारी नांदतात.

जहाजावरचं पेय

आता पेय. इथे कागदपत्रं भरपूर आहेत, आणि कदाचित म्हणूनच वाद मिटत नाही.

‘पंच’ या पेयाचा सर्वात जुना ज्ञात उल्लेख १६३२ सालचा आहे. तो इंग्लंडमधला नाही. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या पेटापोली इथल्या इंग्रज व्यापाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीच्याच एका माणसाने लिहिलेल्या पत्रात तो येतो. त्या वाक्याचा अर्थ ‘पंच पिऊ नका’ असा घ्यायचा की ‘मोजमाप न ठेवता प्या’ असा, हे वाचणाऱ्यावर आहे. कोणताही अर्थ घेतला तरी शब्द खुलासा न करता वापरलेला आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो आधीपासून ओळखीचा होता.

त्यानंतर प्रवासी येऊ लागतात. योहान आल्ब्रेख्त फॉन मांडेल्स्लो हा जर्मन १६३८ साली सुरतेला होता. तिथले इंग्रज ‘पालेपुंत्स’ पितात, असं तो सांगतो आणि त्यातले जिन्नसही देतो: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. फ्रेंच प्रवासी ला बुलाय-ल-गूझ याने १६५३ साली ‘बोल्पोंज’ची कृती दिली. साखर, लिंबाचा रस, मद्यार्क, जायपत्री आणि भाजलेलं बिस्कीट. हा शब्द इंग्रजी आहे असंही त्याने स्पष्ट म्हटलं. फ्रान्स्वा बर्निए बंगालच्या संदर्भात याच पेयाचं वर्णन करतो ते गुळाची दारू, लिंबू, पाणी आणि जायफळ असं. ही लांबलचक नावं म्हणजे इंग्रजीतल्या ‘बोल ऑफ पंच’ची, वाडगाभर पंचची, परक्या कानांनी केलेली मोडतोड आहे, यावर आता फारसा मतभेद नाही.

आणि मग येतो जॉन फ्रायर. कंपनीचा हा डॉक्टर १६७३ ते १६८१ या काळात मुंबई-सुरत-गोवा पट्ट्यात वावरला, शिवकाळाच्या अभ्यासकांना तो चांगला परिचयाचा आहे. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्याच्या वर्णनाच्या ओघात नेरूळचं नाव येतं. नवी मुंबईकरांनी हुरळून जाऊ नये, हे बार्देशातलं नेरूळ. तिथे उत्तम अर्क गाळतात आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून माणसाला ढिलं करून टाकणारं एक पेय करतात, त्याला ‘पॉंच’ म्हणतात, असं तो लिहितो. ‘पॉंच’ म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, कारण त्यात पाच जिन्नस पडतात. डॉक्टर असल्यामुळे त्याला लगेच आपल्या धंद्यातला दाखला सुचतो: वैद्य पाच द्रव्यांच्या औषधाला ग्रीक आकड्यावरून ‘डायापेंटे’ म्हणतात आणि चार द्रव्यांच्या औषधाला ‘डायाटेसरॉन’, तसंच हे.

पंचामृत, पंचखाद्य, पंचकर्म ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे पटवून देण्याची गरजच नाही. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशानेही हीच व्युत्पत्ती स्वीकारली. त्यांनी मूळ शब्द देताना फारसी ‘पंज’बरोबर हिंदी आणि मराठी ‘पांच’ अशी दोन्ही भाषांची नावं घेतली, जिन्नस सांगितले ते अर्क, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी. पुढे शंभर वर्षं बहुतेक पुस्तकं हेच उतरवत राहिली.

आकड्याला आक्षेप

पहिला आक्षेप हिशेबाचा. मांडेल्स्लोचे जिन्नस चार, बर्निएचे चार. ला बुलायचे पाच भरतात, पण बिस्कीट धरून आणि पाणी वगळून. कॅरिबियन बेटांवर रम पंचचं जे तोंडी सूत्र चालतं त्यात आंबट, गोड, कडक आणि सौम्य अशा चारच पायऱ्या आहेत. पेयाची ओळखच पाचाच्या आकड्यावर असती तर सुरुवातीच्या साक्षीदारांनी तो पाळायला नको होता का? यावर पाच-पक्षाचं उत्तर असं की नाव एकदा रुळलं की कृती बदलते आणि नाव तसंच राहतं. मांडेल्स्लोच्या यादीत पाणी आहे, पण गुलाबाचं. ते एक धरायचं की दोन, हेही ठरायचं आहे.

दुसरा आक्षेप उच्चाराचा, आणि तो जास्त जड आहे. आज इंग्रज ‘पंच’ म्हणतात तेव्हा त्यातला स्वर आपल्या ‘अ’च्या जवळ आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तसा नव्हता. तेव्हा हा शब्द ‘पुंच’सारखा ऐकू येत असणार, ‘कप’ला ‘कुप’ म्हणणारे लोक उत्तर इंग्लंडमध्ये आजही आहेत. दक्षिणेकडच्या इंग्रजीत हा स्वर त्याच शतकाच्या ओघात बदलला. मांडेल्स्लोचं ‘पुंत्स’, फ्रेंचांचं ‘पोंज’, स्पॅनिश-पोर्तुगीजांचं ‘पोंचे’ ही सगळी रूपं जुन्या ‘पुंच’ उच्चाराची साक्ष देतात. मग ‘पाच’ किंवा ‘पंच’वरून ‘पुंच’ कसं होईल? ऑक्सफर्डच्या कोशाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच मुद्दा लावून धरला. या पक्षाच्या मते फ्रायरने शब्द ऐकला, तो हिंदुस्थानी ‘पाच’शी जुळतो हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मागाहून अर्थ बसवला. त्याचं पुस्तक पहिल्या उल्लेखानंतर साठ-पासष्ट वर्षांनी छापलं गेलं, हे खरंच.

भारतीय मुळाच्या बाजूने यावर दोन गोष्टी सांगता येतात. एक, आपला ऱ्हस्व ‘अ’ त्या काळच्या इंग्रजांकडे नेमका नव्हताच, त्यामुळे तो कधी ‘ए’, तर कधी ‘यू’ या अक्षराने लिहिला जाई. स्ट्रेनशॅम मास्टर या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या १६७६च्या रोजनिशीत बंगल्याचं स्पेलिंग ‘यू’नेच केलेलं आहे, आणि ‘पंज’वरूनच आलेला पंजाब आजही इंग्रजीत ‘यू’ घालून लिहितात. दोन, एखाद्या शब्दात हिंदी-मराठी ‘पाच’, संस्कृत-धाटणीचा ‘पंच’ आणि दरबारी फारसी ‘पंज’ हे तिन्ही मिसळलेले असू शकतात. बंदरावरच्या बोलीला व्याकरण नसतं. मात्र १६७६ हे साल १६३२च्या बरंच नंतरचं आहे, आणि नेमक्या त्या चाळीस वर्षांतच इंग्रजी स्वर सरकत होता. पुराव्यात खड्डा आहे तो इथे.

आणखी एक गोष्ट या वादात फारशी बोलली जात नाही. पहिला उल्लेख पेटापोलीचा, म्हणजे आजच्या आंध्र किनाऱ्यावरचा. तिथे पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही, कारण ‘पंच’ जोडलेले संस्कृत शब्द तेलुगूतही आहेत आणि व्यापारात फारसी-हिंदुस्थानी चालत होती. तरीही शब्द पश्चिम किनाऱ्यावर जन्मून तिकडे गेला असं मानायचं, तर सुरत किंवा स्वालीच्या बंदरातला आणखी जुना कागद हवा.

‘पाच’ नाकारणाऱ्यांचा पर्याय म्हणजे पुन्हा तेच ‘पंचन’, पण पिंपाच्या अर्थाने. खलाशांना दारू पिंपांतून मिळे, त्यांनी पिंपाचं नाव तोडून पेयाला दिलं, असं हे मत. उच्चाराची अडचण इथे येत नाही. पण पंच पिंपात नाही, वाडग्यात कालवत. ‘बोल्पोंज’ हे नावच त्याची ग्वाही देतं. शिवाय पिंपापासून पेयापर्यंतची मधली पायरी दाखवणारं एकही लिखाण पुढे आलेलं नाही. एका सिद्धान्ताकडे साक्षीदार आहेत पण ध्वनी बसत नाही, दुसऱ्याकडे ध्वनी बसतो पण साक्षीदार नाहीत. प्रस्तुत लेखकाचा कल किंचित पहिल्याकडे आहे, त्याचं कारण फ्रायर नव्हे तर भूगोल: सुरुवातीचे इतके सगळे उल्लेख हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनच यावेत, हे सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

पेय कोणाचं, हा प्रश्न मात्र नावापेक्षा वेगळा आहे आणि दोन्हींची गल्लत वारंवार होते. अमेरिकी मद्य-इतिहासकार डेव्हिड वॉन्ड्रिच यांनी २०१०च्या आपल्या पुस्तकात पंच ही इंग्रजांची कल्पना म्हणून मांडली आहे. उष्ण समुद्रात बिअर आणि वाइन टिकत नसे, हाताशी अर्क, लिंबू आणि साखर होती. दुसऱ्या बाजूने असंही दाखवता येतं की आंबट-गोड-पाणी हे मिश्रण आपल्याकडच्या पन्ह्या-सरबतात आयतं तयार होतं. इंग्रजांनी त्यात अर्क ओतला. पेय इंग्रजांचं आणि नाव आपलं, किंवा उलट, असंही असू शकतं.

नावाची भ्रमंती

जॉन एव्हलिन या दुसऱ्या रोजनिशीकाराने जानेवारी १६६२मध्ये लंडनजवळ ब्लॅकवॉलला नांगरलेल्या कंपनीच्या जहाजावर पंच चाखला. म्हणजे पेय आणि बाहुला एकाच वर्षात दोन रोजनिशीकारांच्या पानांवर हजर झाले. दोघे पुढे एका नावाखाली एकत्रही आले. १८४१ साली ‘पंच’ हे व्यंगसाप्ताहिक निघालं ते बाहुल्याच्या नावावर. पण संपादकांपैकी एक मार्क लेमन असल्यामुळे ‘लिंबाशिवाय पंच कसला’ अशी कोटी पहिल्याच बैठकीत झाल्याचं सांगतात.

मुंबईत १८५४ साली ‘पारसी पंच’ आला, लखनौत १८७७ साली उर्दू ‘अवध पंच’, आणि ठाण्याहून ‘हिंदुपंच’ हे मराठी साप्ताहिक निघत असे. इकडच्या वाचकाला या नावात नेपल्सचा बाहुला दिसायचं कारणच नव्हतं. पाच जणांनी बसून निवाडा करावा, तसा सरकारचा आणि समाजाचा निवाडा करणारं पत्र, असाच अर्थ सहज निघे.

पेयाचा शब्द डच भाषेत ‘पोन्स’ झाला आणि डच व्यापाऱ्यांबरोबर जपानला गेला. तिथे त्याचा लिंबूवर्गीय रसाचा ‘पोन्झु’ झाला. शेवटच्या अक्षरासाठी जपान्यांनी सोयीस्करपणे ‘व्हिनेगर’चं चिन्ह घेतलं. स्वीडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचं पहिलं जहाज १७३३ साली अर्क घेऊन परतलं आणि ‘पुन्श’ हे तिथलं आवडतं पेय ठरलं. योकोहामात चार्ल्स वर्गमनने १८६२ साली ‘जपान पंच’ काढला आणि व्यंगचित्राला जपानीत ‘पोन्ची-ए’ हे नाव पडलं. तेव्हा जपानीत बाहुला आणि पेला हे दोघेही पोचले आहेत, वेगवेगळ्या जहाजांतून.

आज कोश काय म्हणतात? अमेरिकेतले प्रमुख कोश ‘कदाचित’ हा शब्द लावून हिंदी-संस्कृत ‘पंच’ देतात. ऑक्सफर्ड मूळ अनिश्चित मानतो. सुरतेची वखार १६१३ची, पेटापोलीला इंग्रज त्याही आधी, १६११च्या सुमारास आले. म्हणजे पहिल्या ज्ञात पत्राच्या मागे वीस वर्षांचे खलिते, जहाजांच्या नोंदी आणि किराणा-याद्या आहेत. त्यांत कुठे लिंबू, साखर आणि अर्काच्या शेजारी हा शब्द लिहिलेला सापडला, तर तो ‘ए’ने लिहिलाय की ‘यू’ने, हे अभ्यासक सर्वांत आधी बघतील.